डिझेलऐवजी वड्याचं तेल? गाडी चालते, पण तेल तापवावं का लागतं आणि एवढं करूनही इंजिनचं काम का निघतं?

डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही घरातली खोबरेल तेलाची बाटली घ्या. उलटी केली तरी थेंब खाली येत नाही. मग कुणीतरी ती गरम पाण्याच्या मगात बुडवून ठेवतं. पाच मिनिटांत तेल पातळ होतं आणि शाळेची गडबड पुढे सरकते.

डिझेल गाडी खाद्यतेलावर चालवण्याचं जवळपास अख्खं तंत्र या मगात आहे. घट्ट तेल गरम करायचं, पातळ झालं की वापरायचं.

सोशल मीडियावर अधूनमधून असे व्हिडिओ फिरतात. कुणीतरी टाकीत तळणाचं तेल ओततो, गाडी सुरू होते, धुराला भज्यांचा वास येतो आणि खाली कमेंट पडतात, ‘कंपन्या हे आपल्यापासून लपवतात.’ भोसरी, चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या पट्ट्यात असा व्हिडिओ बघणारा माणूस नुसता टाइमपास करत नसतो. कंपन्यांचा माल वाहणाऱ्या टेम्पोच्या मालकाचा हप्ता दर महिन्याला जातो आणि डिझेलचा खर्च रोजचा असतो. दुसरीकडे त्याच रस्त्यावरच्या कॅन्टीनमधून आणि वडापावच्या गाड्यांवरून रोज वापरलेलं तेल निघतं. मग हे तेल त्या टाकीत का नाही, हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

उत्तर असं आहे, की गाडी चालते. पण ‘चालते’ आणि ‘टिकते’ यात फरक आहे. तेल तापवल्यानं पहिला प्रश्न बऱ्यापैकी सुटतो, दुसरा सुटत नाही.

आधी त्या शेंगदाणा तेलाच्या गोष्टीबद्दल

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिवस असतो. त्या दिवशी हमखास एक मेसेज येतो, की रुडॉल्फ डिझेलनं १८९३ साली पहिलं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

१० ऑगस्ट १८९३ ही जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये डिझेलच्या प्रायोगिक इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटल्याची तारीख. शेंगदाणा तेलाचा प्रयोग १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातला. फ्रेंच सरकारला त्यात रस होता, कारण त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये शेंगदाणा मुबलक पिकत होता. तिथं ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. ते खनिज तेलासाठी बनवलेलं होतं आणि त्यात काहीही बदल केलेला नव्हता. इंजिन इतकं सुरळीत चाललं, की फार थोड्या लोकांना फरक कळला, असं डिझेलनं स्वतः १९१२ मध्ये सांगितलं.

म्हणजे डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालतं हे सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. फक्त प्रदर्शनात काही तास चालणं वेगळं आणि चाकण-भोसरी रोज ये-जा करणं वेगळं.

तेल तापवायचं कशाला?

डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते, की ती भयंकर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून इंधनाचा फवारा पडतो आणि तो आपोआप पेट घेतो. सगळा खेळ या फवाऱ्याचा. थेंब जितके बारीक, तितकं जळणं स्वच्छ.

आता घरातली स्प्रेची बाटली आठवा. पाणी भरलं तर बारीक तुषार उडतात. त्यातच पातळ केलेला मध भरला तर सरळ पिचकारी जाते. डिझेल आणि खाद्यतेलाचं असंच आहे.

द्रवाचा घट्टपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. भारतातल्या बीएस-सहा डिझेलला ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटीस्टोक इतकी मर्यादा आहे. त्याच तापमानाला सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, करंज ही तेलं साधारण ३० ते ४० सेंटीस्टोकवर असतात. म्हणजे ढोबळमानानं दहापट घट्ट. थंडीत हा फरक आणखी वाढतो. पामतेल गढूळ होऊन गोठायला लागतं आणि फिल्टरमध्ये अडकतं.

तेल ८० अंशांपर्यंत तापवलं की घट्टपणा १० ते १२ च्या आसपास येतो. पंपाला तेल ओढता येतं, फिल्टरमधून जातं आणि नोझलला फवारा मारता येतो. मात्र डिझेलइतकं पातळ व्हायला तेलाला १५० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. गाडीच्या कूलंटचं तापमान साधारण ८०-९० अंश असतं. मगातल्या पाण्यापेक्षा बाटली जास्त गरम होऊ शकत नाही, तसंच इथंही. कूलंटच्या उष्णतेनं तेल अर्ध्या वाटेपर्यंतच येतं.

किटमध्ये नेमकं काय असतं?

अमेरिकेत आणि युरोपात २००० च्या दशकात अशा किटची मोठी हवा होती. कल्पना सोपी आहे. गाडीला दोन टाक्या लावायच्या, एक डिझेलची आणि एक तेलाची.

पहिली पायरी, गाडी डिझेलवर सुरू करायची. थंड इंजिनला तेल द्यायचं नाही. इंजिन तापलं की रेडिएटरकडे जाणारं गरम कूलंट तेलाच्या टाकीतून, पाइपभोवतीनं आणि फिल्टरजवळून फिरवायचं. शेवटी प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये कूलंट आपली उष्णता तेलाला देतं. काही किटमध्ये नोझलकडे जाणाऱ्या पाइपांवर बॅटरीवर चालणारे छोटे हीटरही असतात.

दुसरी पायरी, तेल पुरेसं तापलं की एका व्हॉल्व्हनं डिझेल बंद आणि तेल सुरू.

तिसरी पायरी लोक विसरतात आणि तीच महागात पडते. गाडी बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं परत डिझेलवर चालवायची, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये उरलेलं तेल धुऊन निघतं. तसं केलं नाही तर ते तेल तिथंच थंड होतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होताना सगळा ताण पंपावर येतो.

इथंच आपल्या पट्ट्याची अडचण कळते. भोसरीहून चाकणला सुटे भाग पोचवायचे म्हणजे अंतर पंधरा-वीस किलोमीटर. तेल नीट तापायला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात चाकणचा तळेगाव चौक येतो आणि गाडी अडकते. ट्रॅफिकमध्ये इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं, तेव्हा त्याच्यावर भार नसतो, आतलं तापमान घटतं आणि तेल अर्धवट जळतं. मग गेटवर नोंदणीसाठी गाडी बंद, पुन्हा सुरू, डॉकवर पुन्हा बंद. हे तंत्र त्यातल्या त्यात बरं चालतं ते लांब पल्ल्याच्या, भार घेऊन एका वेगानं पळणाऱ्या गाडीत. कंपनी ते कंपनी फेऱ्या मारणारा टेम्पो हा त्याचा नेमका उलटा नमुना आहे.

आकुर्डीचं ‘मर्सिडीज’ इंजिन

तरीही ‘अमुक माणसानं लाखभर किलोमीटर तेलावर काढले’ असं ऐकू येतं, ते प्रत्येक वेळी खोटं नसतं. त्यामागं इंजिनाचा प्रकार असतो.

परदेशात अशा प्रयोगांसाठी लोक ज्या गाड्या शोधत फिरायचे, त्यांत जुन्या डिझेल मर्सिडीज वरच्या नंबरला होत्या. त्यातल्या २४० डी या मॉडेलमध्ये ओएम ६१६ नावाचं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. हेच इंजिन पिंपरी-चिंचवडला चांगलंच ओळखीचं आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, १९८० च्या दशकात डाइमलर-बेंझशी करार करून ते भारतात आणलं. नंतरच्या काळातल्या मॅटाडोर, ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये हेच इंजिन होतं. शाळेच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं आणि भाजीच्या पाट्या याच इंजिनानं ओढल्या.

या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. आधी एका छोट्या खोलीत पडतं. ती खोली कायम तापलेली असते, त्यामुळे थेंब जरा जाड असले तरी तिथं पेट घेतात. नोझल साधारण सव्वाशे बारच्या दाबाला उघडतं आणि पंप दणकट यांत्रिक असतो. जाडंभरडं इंधन पचवायची ताकद या रचनेत होती. जुनी माणसं ‘मॅटाडोरला काहीही चालतं’ म्हणायची, त्यात थोडं तथ्य होतं.

पण थोडंच. कारण तेल तापवून फक्त त्याचा घट्टपणा जातो. त्याचा स्वभाव बदलत नाही.

तेल गरम झालं तरी तेलच राहतं

खाद्यतेलाचा रेणू म्हणजे एका खुंटीला अडकवलेल्या तीन लांब दोऱ्या. खुंटी ग्लिसरीनची, दोऱ्या फॅटी ॲसिडच्या. तापवल्यावर या जुड्या एकमेकींवरून सहज घसरतात, म्हणून तेल पातळ वाटतं. खुंटी मात्र सुटत नाही. इतका मोठा रेणू डिझेलसारखा चटकन वाफ होऊन पूर्ण जळत नाही.

मग जे जळत नाही ते कुठं जातं? काही नोझलच्या टोकावर कोळशासारखं साचतं आणि फवारा वाकडा पडायला लागतो. काही पिस्टनच्या रिंगांमध्ये चिकटतं, रिंगा जाम होतात आणि कॉम्प्रेशन जातं. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथं उष्णता आणि हवा मिळाली की तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात. कढईच्या काठावर आणि गॅसच्या शेगडीवर जो पिवळा चिकट थर बसतो आणि काथ्यानं घासला तरी निघत नाही, तोच प्रकार. फरक इतकाच, की इथं तो इंजिनच्या आत तयार होतो. ऑइल घट्ट झालं, की बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि इंजिनचं काम निघतं.

हे सगळं हळूहळू होतं. व्हिडिओ बनवणारा पहिले शंभर किलोमीटर दाखवतो. गॅरेजमधला दिवस दाखवायला कुणी थांबत नाही.

जर्मनीत २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी मदतीनं शंभरेक ट्रॅक्टर मोहरीवर्गातल्या रेपसीड तेलावर चालवून नीट नोंदी ठेवल्या गेल्या. निकाल संमिश्र आला. काही ट्रॅक्टर व्यवस्थित चालले, काहींचे पंप, नोझल आणि इंजिन ऑइल यांनी त्रास दिला. तिथल्या तेलासाठी पुढं खास मानकही तयार झालं. वड्याच्या कढईतून उरलेल्या तेलाला कसलंच मानक नाही. त्यात पाणी असतं, मीठ असतं, बेसनाचे कण असतात आणि पुन्हापुन्हा तळून वाढलेली आम्लता असते. पाण्यानं पंप गंजतो, आम्ल धातू खातं. टाकीत तापवायला तांब्याची नळी घातली तर आणखी वाईट, कारण तांब्याच्या संपर्कात तेल लवकर खराब होऊन चिकट होतं.

चाकणच्या नव्या गाड्यांना हे का झेपत नाही?

एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम लागू झाले. आजच्या डिझेल गाडीत कॉमन रेल पद्धत असते. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन-सव्वादोन बार असतो. जुन्या मॅटाडोरच्या नोझलला सव्वाशे बार लागायचे. नव्या इंजिनात इंधन १६०० ते २००० बारपर्यंतच्या दाबानं, केसाएवढ्या बारीक छिद्रांतून, एका फेरीत अनेकदा फवारलं जातं. त्या छिद्रावर थोडासा थर बसला तरी सगळं गणित बिघडतं.

दुसरी गोष्ट धुराच्या फिल्टरची, म्हणजे डीपीएफची. त्यात काजळी साठते आणि ठरावीक काळानं ती जाळावी लागते. त्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरानं थोडं जास्तीचं इंधन सोडतात. डिझेलची वाफ होऊन ते पुढं जातं. खाद्यतेलाची होत नाही. ते भिंतीवर बसतं आणि थेट इंजिन ऑइलमध्ये जातं. म्हणजे जुन्या इंजिनात जी गोष्ट चुकून व्हायची, ती नव्या गाडीत दर वेळी होणार.

गंमत म्हणजे आकुर्डीत ओएम ६१६ बनवणाऱ्या फोर्स मोटर्सनं २०१६ मध्ये चाकणला मर्सिडीजच्या आधुनिक इंजिनांसाठी वेगळा कारखाना सुरू केला. गाव शेजारचं, कंपनी तीच, पण दोन इंजिनांच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक.

पिंपरीच्या मर्सिडीजनं निवडलेली दुसरी वाट

तेल न तापवता गाडी वनस्पती इंधनावर चालवण्याचा मोठा प्रयोगही याच शहराशी जोडलेला आहे. मर्सिडीज २००९ मध्ये चाकणला गेली. त्याआधी डाइमलरक्रायस्लर इंडियाचा कारखाना पिंपरीत, टाटांच्या आवारात होता. या कंपनीनं भावनगरची केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्था आणि जर्मनीतलं होहेनहाइम विद्यापीठ यांच्याबरोबर २००३ मध्ये जट्रोफा, म्हणजे मोगली एरंडाच्या तेलावर काम सुरू केलं. २००४ मध्ये सी-क्लास गाड्या देशभर सुमारे ५,९०० किलोमीटर फिरल्या. टाकीत शंभर टक्के जट्रोफाचं बायोडिझेल होतं. इंजिनात बदल केलेला नव्हता. दुसरी टाकी नाही, हीटर नाही.

हे जमलं कारण त्यांनी तेल तापवलं गाडीबाहेर, कारखान्यात. तिथं तेलात मिथेनॉल आणि सोडा किंवा पोटॅशसारखा उत्प्रेरक घालून मिश्रण ६० अंशांच्या आसपास ठेवतात. ग्लिसरीनच्या खुंटीवरून तिन्ही दोऱ्या सुटतात. खुंटी, म्हणजे ग्लिसरीन, तळाशी बसते आणि वर राहतं ते बायोडिझेल. ढोबळ हिशोब असा, की १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉलपासून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. या इंधनाचा घट्टपणा ४० अंशांना साधारण ४-५ सेंटीस्टोक, म्हणजे डिझेलच्या शेजारी. खुंटी गेली की तापवायची गरजच उरत नाही.

जट्रोफाचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय भरघोस बिया मिळतील असं सांगितलं गेलं, तसं उत्पन्न आलं नाही. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं, ते गाठता आलं नाही. २०१८ च्या धोरणानं २०३० साठी ५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. रसायनशास्त्र पास झालं, शेतीचं गणित नापास झालं.

मग वड्याच्या तेलाचं काय करायचं?

खाद्यतेलाच्या बाबतीत भारत निम्म्याहून जास्त आयातीवर चालतो. ताजं तेल टाकीत ओतणं खिशाला आणि देशाला, दोघांनाही परवडत नाही. राहतं ते वापरलेलं. त्याची खरी चिंता गाडीची नाही, पोटाची आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तळायला वापरलं तर त्यात घातक घटक वाढत जातात. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून नियम केला, की तेलातले ‘एकूण ध्रुवीय घटक’ २५ टक्क्यांपुढं गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अशा तेलापासून बायोडिझेल बनवण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. तळणासाठी रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणं आणि ते अधिकृत संस्थेलाच देणं बंधनकारक झालं. हजारो कामगारांना जेवण देणारी मोठी औद्योगिक कॅन्टीन या नियमात सहज येऊ शकतात.

या तेलाला दुसरं गिऱ्हाईकही असतं, ते म्हणजे स्वस्तात विकत घेऊन पुन्हा तळणारा. कॅन्टीनचं तेल बायोडिझेलच्या कारखान्यात गेलं, तर ते त्याच कामगाराच्या ताटात दुसऱ्या दारानं परत येत नाही. वापरलेल्या तेलाचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

टेम्पोवाल्यानं काय लक्षात ठेवावं?

बीएस-सहा गाडीत तेल टाकू नये, गरम केलेलंही नाही. वॉरंटी तर जातेच, पण पंप आणि चार नोझलचं बिल डिझेलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या पुढं जाऊ शकतं. गाडीच्या इंधन व्यवस्थेत परस्पर बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं आणि विम्याच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते.

घरच्या घरी बायोडिझेल बनवायच्या फंदात पडू नये. मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेट घेतं.

रस्त्याकडेच्या स्वस्त ‘बायोडिझेल’पासूनही लांब राहावं. त्या नावाखाली भलतंच मिश्रण विकल्याचे प्रकार गुजरात आणि महाराष्ट्रात उघडकीस आले आहेत. देशातल्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला परवानगी आहे आणि ते काम तेल कंपन्यांचं आहे. त्यासाठी गाडीला काहीही जोडावं लागत नाही.

थोडक्यात, मगातलं गरम पाणी खोबरेल तेलाला पातळ करतं, त्याचं डिझेल करत नाही. बाटली बाहेर काढून ठेवली की तासाभरात ते पुन्हा गोठतं. केसांना तेवढं पुरतं. ज्या इंजिनावर घराचा हप्ता चालतो, त्याला पुरत नाही.